मोजायचं ते लोडवर

जुनी इलेक्ट्रिक सायकल बंद पडली की दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, "बॅटरी गेली." दुसरं, "कंट्रोलर गेला." कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला, मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. दोन्ही महागड्या वस्तू, आणि दोन्ही खरंच गेलेल्या असू शकतात. पण मुंबईचे चार-पाच पावसाळे पाहिलेल्या सायकलीत त्यांच्या आधी जातात ते जोड: कनेक्टर, फ्यूज होल्डर, चावीचा स्विच, लगची (वायरच्या टोकावरच्या धातूच्या कडीची) पकड. नायगावात आमच्या आजूबाजूच्या ज्या सायकली माझ्यापर्यंत आल्या, त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं अशाच किरकोळ किमतीच्या जोडात निघालं. काहींच्या मालकांनी त्याआधी नवी बॅटरी घेऊनही टाकली होती. ते पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण या सायकली हौसेच्या नसतात, पोटापाण्याच्या असतात.

मी एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काम करते. ओहमचा नियम असो की मीटर ब्रिज, मुलांचं रीडिंग भलतंच आलं की आमचं पहिलं सांगणं ठरलेलं: वायरची टोकं पॉलिश पेपरनं घासा, प्लग नीट पिळून बसवा. रेझिस्टन्स बॉक्सच्या पितळी प्लगवर नुसता काळपटपणा आला तरी आकडे हलतात. तिथे प्रवाह असतो जेमतेम. सायकलची मोटर चढावर १५ अँपिअर ओढते. तोच मळ तिथे काय करेल याचा हिशेब कागदावर मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय मी कोणाला बॅटरी बदलू देत नाही.

आमच्या इमारतीत खाली राहणाऱ्या काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. त्यांचा मुलगा डबे पोहोचवतो, पूर्वेकडून टिळक पुलावरून दादर पश्चिमेला. सायकल ३६ व्होल्टची, मागच्या चाकात हब मोटर, २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, त्यामुळे रजिस्ट्रेशनची भानगड नाही. एका संध्याकाळी तो ती जिन्याखाली लावून वर आला.

"मावशी, दुकानवाला म्हणतो बॅटरी डेड आहे. पण डिस्प्लेवर फुल दाखवते. खरं कोणाचं धरू?"

"कोणाचंच नको. आधी मला सांग, बंद कधी पडते?"

त्यानं सांगितलं ते असं. सकाळची पहिली फेरी ठीक होते. दुपारच्या फेरीला टिळक पुलाच्या चढावर मोटर धक्के देते आणि बंद पडते. चावी बंद करून पुन्हा लावली की जिवंत. चढ ढकलत पार केला की पलीकडच्या उताराला डिस्प्लेवर परत भरपूर चार्ज.

सायकल दुरुस्तीला आणणाऱ्याला हे प्रश्न विचारायलाच हवेत. चढावर की सपाटीला? पहिल्या फेरीला की उशिरा? पावसात की कोरड्यात? हँडल वळवलं की? खड्ड्यात आदळली की? अर्धं निदान या उत्तरांत असतं, आणि मेकॅनिकला गर्दीत ते विचारायला वेळ नसतो. चढावरच आणि उशिराच्या फेरीलाच बंद पडते, म्हणजे प्रवाह वाढला की कुठेतरी व्होल्टेज गळतंय. कुठे, एवढंच शोधायचं.

३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत दहा सेल एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२, म्हणजे एकूण ४२ व्होल्ट. अर्ध्यावर आली की साधारण ३७. कंट्रोलरला ३१ च्या आसपास व्होल्टेज दिसलं की तो बॅटरी वाचवण्यासाठी मोटर तोडतो. डिस्प्लेवरच्या पट्ट्या म्हणजे नुसता व्होल्टमीटर आहे, आणि उभ्या सायकलीत प्रवाह जवळजवळ शून्य असतो. प्रवाह नसेल तर सडलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज पुढे पोहोचवतो. म्हणून उभ्या सायकलीत घेतलेल्या रीडिंगवर माझा विश्वास नाही. मल्टिमीटर लावायचा तो लोडवर, म्हणजे प्रवाह वाहत असताना.

लोड कुठून आणायचा? माझ्याकडे गाडीच्या हेडलाइटचे तीन हॅलोजन बल्ब आहेत, १२ व्होल्ट ६० वॉटचे, सिरीजमध्ये जोडून एका लादीच्या तुकड्यावर बसवलेले. तिघे मिळून ३६ व्होल्टला चालतात आणि साधारण ५ अँपिअर घेतात. भंगारातल्या गाडीचेही चालतात, फक्त मोठी फिलामेंट शाबूत हवी. काच भाजते, तेव्हा लादी हवीच, आणि आसपास प्लास्टिक नको.

मीटर हातात घेण्याआधी दोन गोष्टी. अंगठी, धातूच्या बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. ४२ व्होल्टचा झटका सहसा लागत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांत बांगडी आली तर ती क्षणात लाल होते. आणि मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे दर वेळी बघा. तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. प्रोबच्या टोकाचं दोन-तीन मिलिमीटर सोडून वरचं सगळं टेपनं झाकलं की घसरून शेजारच्या पिनला लागायचा धोकाही कमी होतो.

तर कंट्रोलरचा मुख्य कनेक्टर काढला आणि त्याच्या जागी बल्ब लावले. तिन्ही पेटले. बॅटरीच्या तोंडाशी ४०.२ व्होल्ट. विनालोड ४०.९ होते, म्हणजे ५ अँपिअरला ०.७ ची घट. जुन्या पॅकला हे छानच म्हणायचं. तीच तार पुढे जिथे बल्बांना मिळते तिथे ३८.२. मधले २ व्होल्ट वाटेत गेले.

२ भागिले ५, म्हणजे ०.४ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण पुलाच्या चढावर १५ अँपिअर वाहिले की त्याच ०.४ ओहमवर ६ व्होल्ट पडतात. सकाळी ४१ व्होल्टची बॅटरी चढावर स्वतः ३९ पर्यंत खाली येते, वाटेत ६ गेले, कंट्रोलरला ३३ मिळतात. सायकल चढते. दुपारी बॅटरी ३७ वर असते. चढावर ३५, वजा ६, उरले २९. कंट्रोलर तोडणारच. त्यानं सांगितलेली एकूण एक गोष्ट या हिशेबात बसली. शिवाय १५ चा वर्ग गुणिले ०.४ म्हणजे ९० वॉट उष्णता, तीही बोटभर जोडांत. हा नुसता अडचणीचा प्रश्न नाही, प्लास्टिक वितळून आग लागण्याचा आहे.

आता हे २ व्होल्ट नेमके कुठे? बल्ब पेटते ठेवूनच मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला धरायचा आणि दुसरा त्याच पॉझिटिव्ह वायरवर पुढे पुढे न्यायचा. चांगल्या जोडाच्या दोन्ही बाजूंत फरक काही मिलिव्होल्ट असतो. फ्यूज होल्डरच्या अलीकडे-पलीकडे फरक आला १.२ व्होल्टचा. चावीच्या स्विचवर ०.३, कारण या सायकलीत मुख्य प्रवाह चावीतूनच जातो. ०.१ मधल्या कनेक्टरवर. निगेटिव्हच्या बाजूला बॅटरी जिथे फ्रेमवरच्या खाचेत बसते, त्या पत्तीवर ०.४. बेरीज बरोबर २. बेरीज जुळेपर्यंत मी थांबत नाही. जुळली की कुठे काही लपलेलं नाही याची खात्री होते.

होल्डर उघडला तर एक पत्ती काळी पडलेली, कडेचं प्लास्टिक तपकिरी, आणि वायरवर हिरवा काट रबराच्या आत दोन बोटं चढलेला. फ्यूज मात्र ठणठणीत, कंटिन्युइटीला (वायर सलग आहे का बघायच्या सेटिंगला) मीटर 'बीप' करतो. कंटिन्युइटीच्या बीपवर सगळी दुरुस्ती करणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. मीटर त्या वेळी जेमतेम मिलिअँपिअर सोडतो. तेवढा प्रवाह एकाच धाग्यावर लटकलेल्या वायरमधूनही जातो. बीप वाजला म्हणजे वायर पूर्ण तुटलेली नाही, याहून जास्त काही कळत नाही.

काट नुसत्या ओलाव्यानं इतक्या वेगानं चढत नाही. पावसाचं पाणी तसं स्वच्छ असतं. हिंदमाता चौकात गुडघाभर साचतं ते गटाराचं, क्षार विरघळलेलं पाणी, आणि ते वीज वाहून नेतं. कनेक्टरच्या दोन पिनांत ३६ व्होल्ट असताना हे पाणी शिरलं की तिथे विद्युत अपघटन सुरू होतं. तांब्याच्या पट्ट्या मोरचुदाच्या द्रावणात बुडवून आम्ही लॅबमध्ये दाखवतो तेच, धनाग्राचं तांबं विरघळत जातं. म्हणून जुन्या सायकलीत पॉझिटिव्हची पिन खाल्लेली आणि शेजारची निगेटिव्ह बरी, असं दृश्य पुष्कळदा दिसतं. पाण्यातून आणलेल्या सायकलीची बॅटरी लगेच काढून ठेवायची ती यासाठी. व्होल्टेजच नसेल तर अपघटन थांबतं, मग वाळवायला वेळ मिळतो.

सामानासाठी मी लॅमिंग्टन रोडला जाते. ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की चालत पाच-दहा मिनिटं. या खेपेला घेतलं ते असं: सिलिकॉनची जाड मल्टिस्ट्रँड वायर, जास्त प्रवाह झेलणाऱ्या एक्सटी-६० कनेक्टरच्या जोड्या, तांब्याचे लग, आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आकसून वायरला घट्ट बसणारी नळी. साधी स्लीव्ह स्वस्त मिळते पण ती पाणी अडवत नाही. गोंदाची तापवली की कडेनं गोंद बाहेर येतो आणि तोंड बंद होतं. फ्यूजबद्दल एक गोष्ट फार कमी जण बघतात. गाडीत बसतो तो नेहमीचा ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टपुरता असतो, तसं त्याच्यावर लिहिलेलंही असतं. ४२ व्होल्टच्या बॅटरीवर शॉर्ट झाला तर आतली तार वितळेल, पण ठिणगी तुटेलच याची हमी नाही, कारण डीसीमध्ये प्रवाह घरच्या एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नाही. ५८ व्होल्टचा तसाच ब्लेड फ्यूज मिळतो, तो मागून घ्यायचा. घरातला साधा एमसीबी सायकलला लावलेला दिसतो, तोही याच कारणानं मला नको वाटतो.

काट चढलेली वायर घासून उपयोग नसतो. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायचं. कापली, नवा तुकडा आणि नवा फ्यूज होल्डर जोडला, डाग मारून स्लीव्ह चढवली. निगेटिव्हची पत्ती पॉलिश पेपरनं घासून थोडी वाकवून ताठ केली. चावीचा स्विच बदलला. पुन्हा बल्ब लावले तेव्हा वाटेतली एकूण घट ०.१५ व्होल्टवर आली.

काळ्या इन्सुलेशन टेपवर माझा राग आहे, तो इथे सांगून टाकते. मुंबईच्या हवेत ती टेप चार महिन्यांत चिकट होते, सुटते, आणि आत गेलेलं पाणी मात्र धरून ठेवते. ग्लू गननं कनेक्टर भरून टाकणं त्याहून वाईट, कारण मग उघडून बघताही येत नाही. पाणी आत जाणार हे धरूनच जोडणी करावी. कनेक्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवायचा, त्याच्याकडे येणारी वायर आधी खाली झोका देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकून जातं. पिनांना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं. एवढं केलं की टेपची गरज राहत नाही.

पूल तर सायकल चढू लागली. मग पावसाची मोठी सर आली आणि नवीन तक्रार आली: सपाटीवर चालता चालता मोटर सुटते, डिस्प्ले मात्र चालू. डिस्प्ले चालू म्हणजे मुख्य पुरवठा ठीक. हे ब्रेकच्या लिव्हरमधल्या कट-ऑफ स्विचचं लक्षण. ब्रेक दाबला की तो स्विच कंट्रोलरला मोटर थांबवायला सांगतो. आत पाणी गेलं की स्विच अर्धवट जुळलेला राहतो आणि कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. मागचं चाक उचलून धरा, दोन्ही ब्रेकचे छोटे कनेक्टर एकेक करून काढा. ज्याचा काढल्यावर मोटर फिरली तो लिव्हर बिघडलेला. डावा निघाला. काही जण तो कनेक्टर काढलेलाच ठेवतात. ठेवू नका. डब्यांचं ओझं घेऊन गर्दीत ब्रेक मारताना मागून मोटर ढकलत असेल तर थांबायला अंतर जास्त लागतं.

थ्रॉटलचीही (वेग वाढवायच्या हँडलवरच्या मुठीची) तपासणी त्याच बैठकीत केली. आत हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) असतो, तीन वायरी: लाल ५ व्होल्ट, काळी निगेटिव्ह, तिसरी सिग्नल. कनेक्टर न काढता मागच्या बाजूनं प्रोब घालून मोजायचं. हात सोडलेला असताना सिग्नल ०.८ ते ०.९ व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर साडेतीन-चारच्या आसपास. सोडलेल्या अवस्थेत १.३-१.४ आलं तर ओल्या कनेक्टरमध्ये ५ व्होल्टची पिन सिग्नलला गळते आहे. असं असेल तर अनेक कंट्रोलर चावी लावल्यावर मोटर सुरूच करत नाहीत, आणि ते बरोबर करतात. थ्रॉटलची काळी वायर तुटली तर याहून भयंकर होतं: सिग्नल वर चढतो आणि हात न लावता चाक पूर्ण वेगानं फिरू लागतं. हँडलजवळची ही वायर वळणात सतत वाकते, तिच्याकडे बघत राहायला हवं.

मोटर घरघरते, जागच्या जागी थरथरते पण उचलत नाही, तेव्हा मोटरमधले हॉल सेन्सर बघायचे. कनेक्टर जोडलेला, चावी चालू, थ्रॉटलला हात नाही. पिवळी, हिरवी, निळी या तीन बारीक वायरींवर चाक अगदी हळू फिरवताना व्होल्टेज शून्य आणि पाचमध्ये उड्या मारतं. एखादी वायर एकाच आकड्यावर अडून राहिली तर तो सेन्सर किंवा त्याची वायर गेली. गिअर असलेली हब मोटर पुढे फिरवली तर आतली मोटर फिरतच नाही, फ्री-व्हील असतं, म्हणून चाक उलटं फिरवायचं.

उलटं फिरवताना चाक जड, अडकत अडकत फिरलं तर कंट्रोलरच्या मॉस्फेटचा, म्हणजे मोटरला प्रवाह सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा, संशय. मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा. चाक हलकं झालं तर शॉर्ट कंट्रोलरमध्ये, जडच राहिलं तर मोटरमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये. अशा संशयित कंट्रोलरला बॅटरी थेट लावायची नाही. मी मध्ये तेच तीन बल्ब सिरीजमध्ये घालते. कंट्रोलर ठीक असेल तर आतले कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर चमकून विझतात. पेटलेच राहिले तर आत शॉर्ट आहे, आणि निदान नवीन फ्यूज वाचला.

बॅटरीचा पॅक मी उघडत नाही. येत नाही म्हणून नव्हे, आमच्या खोलीत ते करण्यासारखी जागा नाही म्हणून. चार्जर ४२ व्होल्ट देतो का, पॅक कुठे फुगलाय का, चार्ज होताना गरम होतोय का, एवढं मी बघते. फुगलेला किंवा पाण्यात बुडालेला पॅक चार्जला लावायचा नाही, वाळला तरी नाही. बीएमएस (पॅकमधलं सेल सांभाळणारं सर्किट) मध्येच तोडतो म्हणून त्याला बायपास करून देणारे आहेत. कृपा करून त्यांच्याकडे जाऊ नका. सेल बिघडल्यावर चार्जिंग तोडण्याचं मुख्य काम पॅकमध्ये तोच करतो. चार्जिंग जिन्यात किंवा दाराच्या वाटेत नको, कारण आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट असते. मेलेली बॅटरी भंगारवाल्याला देण्याऐवजी विकणाऱ्याकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

काकूंच्या मुलाच्या सायकलीत आता एकच काम उरलं आहे. मोटरची केबल पोकळ अ‍ॅक्सलमधून बाहेर येते तिथे रबर तडकलंय. जाड वायरींचे ३६ व्होल्ट बारीक हॉलच्या वायरीला लागले तर सेन्सर जातील, सोबत कंट्रोलरचा ५ व्होल्टचा भागही. ती केबल बदलायला हब उघडावा लागेल आणि सायकल दोन दिवस उभी राहील, डबे तर रोजचे आहेत. गणपतीत केंद्राला सुट्टी असते तेव्हा करायचं ठरलंय. तोवर तडकलेल्या जागी स्लीव्ह चढवून दिली आहे आणि त्याला बजावलं आहे: पाणी अ‍ॅक्सलपर्यंत येईल असं दिसलं की बॅटरी काढून पिशवीत टाकायची आणि सायकल ढकलत न्यायची, गिऱ्हाईक कितीही फोन करो.